ई जे के बी एच म्हणजे मराठी

दादरच्या एका जुन्या वाचनालयाची वेबसाइट २००६ साली मीच करून दिली होती. फुकटात केली म्हणून कुणी नावं ठेवली नाहीत, आणि मला तिचा बरीच वर्षं अभिमान होता. तो उतरला वाचनालयाच्या एका जुन्या सभासदांच्या घरी.

काकांची नजर काचबिंदूने गेली. लॅपटॉपवर ते एनव्हीडीए वापरतात. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. आवाजाचा वेग त्यांनी एवढा वाढवलेला की मला एक शब्द कळेना. 'मराठी पुस्तके' या ओळीवर येऊन त्यांनी बाणाची कळ एकेकदा दाबली. ई. जे. के. बी. एच.

"हे काय रे? तार पाठवतोस का मला?"

मजकूर कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला होता. 'मराठी' दिसत होतं ती फाँटची कृपा. आत साठवलेली सगळी इंग्रजी अक्षरं. ई या अक्षराला 'म'चं चित्र चिकटवलेलं, एवढंच.

पुढे वेळापत्रक. डाव्या चौकोनात सगळे वार एकाखाली एक, उजव्यात सगळ्या वेळा. डोळ्यांना जोड्या लागतात. हे मी पुन्हा टाइप करून ऐकवलं, तर आधी सात वार, मग सात वेळा. "गुरुवारची कुठली ते बोटं मोजून काढू का?" काकांनी विचारलं. पानाची मांडणीही मी टेबलनेच केलेली, त्यामुळे प्रत्येक पानावर आधी डावीकडच्या एकतीस लिंका ऐकायच्या, मग मजकूर. पानाचं रूप आणि मांडणी ठरवणारी सीएसएस ही भाषा १९९६ पासून आहे, तरी मी हे केलं. तेव्हा सगळेच करायचे, ही सबब मी काकांना सांगितली नाही.

घरी येऊन पहिलं काम केलं ते सीएसएस पूर्ण काढून टाकायचं. रंग नाहीत, रकाने नाहीत, नुसता मजकूर वरून खाली. तो तसाच वाचून कळला पाहिजे, रूप नंतर. शीर्षकं मी नुसती ठळक आणि मोठी केली होती. ती आता खरी शीर्षकं केली, कारण काका एच ही कळ दाबून शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारतात. एके ठिकाणी एच-टू, म्हणजे दुसऱ्या पातळीचं शीर्षक, फार मोठं दिसतं म्हणून चौथ्या पातळीचं एच-फोर टाकायचा मोह झाला. आकार सीएसएसमध्ये बदलतो हे मला माहीत होतं, तरी झाला. पिवळ्यावरचा केशरी मजकूर गेला. वेबसाइट अपंगांनाही वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या नियमावलीप्रमाणे साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी ४.५ : १ इतका उजळपणाचा फरक लागतो, आणि आमचे निम्मे सभासद मोतीबिंदूवाले. पानाची भाषा मराठी आहे हेही कोडमध्ये लिहिलं, ते आधी कुठेच नव्हतं.

सगळ्यात जीव खाल्ला तो युनिकोडने, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीने. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप करतात, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं उलट: कृतिदेवमध्ये नंतर, युनिकोडमध्ये आधी. कृतिदेवचं युनिकोड करून देणारा कन्व्हर्टर वेलांट्या नीट सांभाळत होता, रफार मात्र नाही. मी रोज चर्चगेटच्या गाडीत बसून फोनवर पानं तपासली. शेवटी शेवटी डोळे नुसते फिरत होते.

नवी साइट काकांना दाखवायला गेलो. एच, एच, एच. वेळापत्रक आलं: गुरुवार, मग लगेच त्याची वेळ. काका काही बोलले नाहीत, पुढे गेले. एकदम थांबले, आवाजाचा वेग कमी केला आणि तीच ओळ पुन्हा ऐकवली.

"ही 'कायर्कारिणी' कुठली रे?"

मी पडद्यावर पाहिलं. होतं खरं तसंच.

"अध्यक्षांच्या नजरेस पडायच्या आत बदल," काका म्हणाले, "त्यांना दिसतं."