तीन डिझेल, एक कॅम्पर आणि बोगद्याचा घाट

अप्पा एसटीत ड्रायव्हर होते. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराड, परत चिपळूण. त्यामुळे डेन्व्हरला राहून दिवसभर लोकांचे टॅक्सचे कागद भरणारी त्यांची लेक, म्हणजे मी, सुट्टीत कॅम्पर, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, स्वतः ओढते, याचं आमच्या घरी कुणाला नवल वाटत नाही. नवरा शेजारी बसतो आणि दाराचं हँडल घट्ट धरून ठेवतो.

कॅम्पर तीस फुटी. पाणी, गॅस, भांडीकुंडी भरून काट्यावर नेला तेव्हा ९,२०० पौंड भरला, म्हणजे चार टनांच्या वर. पहिली दोन वर्षं तो आम्ही पेट्रोलवरच्या लहान पिकअपने ओढला. कागदावर तेवढी क्षमता होती, त्यात खोटं काही नव्हतं. पण कंपन्या ज्या चाचणीवर क्षमता ठरवतात तिचा नमुना म्हणजे अॅरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ. तिथे ऊन जीव घेतं, पण उंची आमच्या मानाने काहीच नाही. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणाऱ्या आय-७० महामार्गावरचा आयझेनहावर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. तिथली हवा इतकी विरळ की टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं पेट्रोल इंजिन तीसेक टक्के ताकद घालवून बसतं. आमची गाडी पाच हजार आरपीएमवर किंचाळत ताशी ३५ मैलांनी चढायची आणि मागून ट्रकवाले दिवे दाखवायचे.

लाज वाटायची, पण भीती वाटली ती उतरताना. बोगद्याच्या पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नपर्यंत साधारण आठ मैलांत २,१०० फूट उतार आहे, काही ठिकाणी सात टक्के. ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी बाजूला खडीचे चढ बांधून ठेवलेत, यावरून काय ते समजा. एका जूनमध्ये खाली पोचलो तर पुढच्या चाकांतून धूर. चूक माझीच होती. कॅम्परच्या स्वतःच्या ब्रेकचं सेटिंग इतकं कमी ठेवलं होतं की चार टनांचा सगळा भार पिकअपच्या ब्रेकवर येत होता. रात्री अप्पांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "चढायला सगळेच चढतात गं. उतरताना पाय कुठे असतो तुझा?"

ब्रेकवर असतो, हे मी सांगितलं नाही. त्यांना कळलं.

मग डिझेलवरची मोठी पिकअप घ्यायची ठरली, आणि मी आमच्या धंद्याला शोभेल अशी तुलना केली: तोच कॅम्पर, टाकी तेवढीच भरलेली, शनिवारी पहाटेचा तोच रस्ता. बोगद्यातून पलीकडे सिल्व्हरथॉर्नला उतरायचं, वळायचं, पुन्हा वर. गाड्या उसन्या. शेजाऱ्याची फोर्ड एफ-२५०, घोडे पाळणाऱ्या सहकारणीची शेव्ही (शेव्हरोले) २५००, आणि मराठी मंडळातल्या एका निवृत्त काकांची रॅम ३५००. काका वर्षातले सहा महिने फिरतीवर असतात. पिकअप देताना त्यांनी मुलगी सासरी पाठवावी तशा सूचना दिल्या.

चढाचं लवकर उरकते, कारण त्यात फारसं नाट्य नाही. फोर्डचं ६.७ लिटरचं व्ही-आठ ४७५ अश्वशक्तीचं. तिला घाट लागलाय हे सांगावं लागलं. शेव्हीचं ६.६ लिटरचं ड्युरामॅक्स इंजिन ४४५ चं, दहा गिअर इतके अलगद बदलतात की नवऱ्याने हँडल सोडून थर्मासमधला चहा ओतला. रॅममधलं कमिन्स इंजिन सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं, काकांच्या गाडीत ३७० अश्वशक्तीचं, म्हणजे कागदावर तिघांत कमी. मी हिशेब करून बघितला होता: पिकअप आणि कॅम्पर मिळून पावणेआठ टन, सात टक्के चढ, ताशी ५५ मैल, यासाठी चाकांशी अडीचशेच्या आसपास अश्वशक्ती पुरते. तेवढी ती सहज देते. टर्बोमुळे विरळ हवेचाही तिला फारसा त्रास नाही. उरलेली शंभर-दीडशे अश्वशक्ती ही हौस आहे, आणि हौसेला मोल नसतं हे मला मान्य आहे.

उताराला मात्र मी तिन्ही वेळा घामाघूम होऊन बसले होते, आणि तिन्ही वेळा उगाच. या तिन्ही गाड्यांना एक्झॉस्ट ब्रेक आहे. टर्बोतली पाती मिटतात, धुराची वाट अडते, पिस्टनना तो जोर लावून बाहेर ढकलावा लागतो आणि त्या ओझ्याने गाडी आवरली जाते. रॅममध्ये बटण दोनदा दाबलं की ती तुम्ही ठरवलेला वेग धरून ठेवते. बोगद्याबाहेर मी ५० ला सोडली आणि खालपर्यंत ब्रेकला एकदाच पाय लावला, तोही पुढे कुणी सायकली लटकवलेली गाडी मध्येच घातली म्हणून. खालून एक घोगरा, लांबलचक घरघराट येत राहतो. अप्पांच्या लेलँडची आठवण यावी असा.

तरी निवड ठरली ती दारावरच्या पिवळ्या स्टिकरवर. ओढायची क्षमता सगळे बघतात. पिकअपच्या स्वतःच्या पाठीवर किती वजन चालेल हे त्या स्टिकरवर असतं. कॅम्परच्या नाकाचा भार हुकावर साधारण १,१५० पौंड, हूक आणि त्याच्या दांड्या १००, आम्ही चौघं ६००, मागे सरपण, जनरेटर आणि माझा कुकर मिळून २३०. बेरीज २,०८०. शेजाऱ्याच्या फोर्डच्या दारावर आकडा होता २,१०० च्या जेमतेम वर. डिझेल इंजिन मुळातच जड, आणि या वर्गातल्या पुष्कळ गाड्यांची भारासकट एकूण वजनाची मर्यादा नोंदणीच्या सोयीसाठी १०,००० पौंडांवर बांधलेली असते, म्हणून हातात एवढंच उरतं. माझ्या हिशेबात शिल्लक राहत होता एक फराळाचा डबा. शेव्हीच्या दारावर तीन हजारांच्या पुढे, काकांच्या रॅमच्या दारावर साडेतीन हजारांच्याही वर.

शेवटी आमच्या बजेटमध्ये बसणारी जुनी मिळाली ती रॅम ३५००, काकांच्याच वर्षाची. गॅरेजमध्ये मावत नाही, चार इंच बाहेर राहते. भारतीय किराणा दुकानापुढे दोन जागा अडवते आणि बायका माझ्याकडे बघतात. पुढच्या आठवड्यात कोलोरॅडोतलाच मोनार्क पास घाट, ११,३१२ फूट. मुलांना सांगितलंय, सरपण तिकडेच घेऊ. नवऱ्याने या गाडीतलंही हँडल बघून ठेवलंय.