बाळंतीण रात्र-रात्र झोपत नसेल तर

आज नात्यातल्या एका बाळंतिणीला मानसोपचार विभागात दाखल केलं. (तिच्या घरच्यांना विचारूनच लिहितेय.) बाळंत होऊन आठवडाही नाही. रात्र-रात्र डोळ्याला डोळा नाही, तरी अंगात विलक्षण उत्साह. काल म्हणाली, "हे बाळ माझं नाही, बदललंय." घरात कुणी दृष्ट काढतंय, कुणी देवऋषाचं नाव सुचवतंय. तिच्या आईने कुणाचं ऐकलं नाही, रिक्षा बोलावली. त्या माउलीला माझा नमस्कार.

हा पोस्टपार्टम सायकोसिस, म्हणजे बाळंतपणानंतर अचानक होणारा गंभीर मानसिक आजार. दर १००० बाळंतपणांत एक-दोघींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. आधी बायपोलर आजार (कधी टोकाचा उत्साह, कधी टोकाची उदासी) असेल तर धोका खूपच वाढतो. उपचार लांबले तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. वेळेत मिळाले तर बहुतेकजणी बऱ्या होतात.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत आई-बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे. आमचं बाळ मात्र आज आजीजवळ, आई वॉर्डात. अशी सोय आपल्या जिल्ह्यांत का नाही, याचा फार राग येतोय.

असं काही दिसलं तर तडक दवाखाना गाठा. बाळंतिणीला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात.