पट्ट्याचा रंग

विदर्भातल्या एका मिशनच्या कुष्ठरुग्णालयात मी चपला बनवतो. पगारपत्रकावर हुद्दा जरा भारदस्त आहे, पण हातात रापी आणि आरीच असते. आजोबाही गावात जोडेच शिवायचे. ते खिळे ठोकायचे, मी ठोकत नाही, एवढाच फरक. सोलमधून वर आलेला खिळा तुम्हाला पहिल्याच पावलाला टोचेल. आमच्या माणसाच्या तळपायाची नस जंतूने मारलेली असते. तो त्याच खिळ्यावर अख्खा बाजार करून येतो आणि घरात रक्ताचे ठसे दिसले की त्याला कळतं. म्हणून आमची चप्पल शिवलेली आणि सोल्युशनने चिकटवलेली. आत मऊ एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, खाली टणक सोल आणि टाचेमागे पट्टा. सुन्न पायातून चप्पल निसटली तरी पत्ता लागत नाही, म्हणून तो पट्टा.

त्या दिवशी ड्रेसिंगच्या सिस्टरनी पन्नाशीच्या एका मावशींना माझ्याकडे पाठवलं. "बघा, चप्पल घालतच नाही ही." उजव्या अंगठ्याखाली जखम होती. बारा महिन्यांच्या गोळ्या कधीच पूर्ण झाल्या होत्या. गोळ्यांनी आजार जातो, पण मेलेली नस परत येत नाही, हे लोकांना पटवता पटवता आमची तोंडं दुखतात.

मावशींनी पिशवीतून चप्पल काढली. रोज वापरलेल्या एमसीआरवर बोटांचे खळगे पडतात, चवड्याचा दाब कुठे जास्त येतो तेही दिसतं. ही आतून कोरी होती. फाटकाशी घालायची, तपासणी झाली की फाटकाबाहेर काढायची, असा तिचा संसार.

"काऊन घालत नाही मावशी?"

"गावात वयखतात ना भाऊ. हे चप्पल पाह्यली का म्हणतात, हे तिथली." मग आवाज खाली आला. "पोरीले पाहुणे येऊन रायले."

यावर काय बोलणार? २०१९ पर्यंत कुष्ठरोग हे कायद्यानेच घटस्फोटाचं कारण होतं. कायदा बदलला, पण सोयरीक जुळवणाऱ्यांच्या बैठकीत ती बातमी अजून पोचलेली नाही.

योगायोग म्हणा, त्याच सकाळी उपासनेत पाळकसाहेबांनी बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय घेतला होता. आमच्याकडे तो वारंवार येतो, विशेषतः जानेवारीत, कुष्ठरोगदिनाच्या सुमारास. प्रभू येशूला कळवळा आला, त्याने हात पुढे करून कुष्ठी माणसाला स्पर्श केला. प्रवचन बहुतेक तिथेच थांबतं. (त्या काळचा 'कुष्ठ' म्हणजे आजचाच आजार, असंही नाही म्हणे.) पण पुढे प्रभू त्याला बजावतो की कोणाला काही सांगू नकोस, फक्त याजकाला जाऊन दाखव. जाणकार त्याचा अर्थ वेगळा लावतात. प्रभूला स्वतःची प्रसिद्धी नको होती, असं ते सांगतात, आणि असेलही तसं. मला मात्र मावशींपुढे बसून ती आज्ञा आपल्याच खात्याला दिलेली वाटली. आमच्या काळ्या पट्ट्याची चप्पल गावभर सांगत सुटते.

"तुमच्या गावच्या बाया कशी घालतात?" मी विचारलं. मावशींचा चेहरा एकदम खुलला. लाल पाहिजे, सोनेरी काठाची, अंगठ्याची. अंगठ्याची मी देणार नव्हतो. बोटांमधली ती पट्टी घासून घासून नवी जखम करते आणि बाईला कळतही नाही. आमची बरीच घासाघीस झाली. शेवटी दोन आडवे लाल रेक्झिनचे पट्टे, वर सोनेरी गोट, वेल्क्रो आतल्या बाजूला. मागचा पट्टा राहणारच, पण बारीक आणि लाल. मुख्य चहाडी करते ती सोलची कड. काळ्या रबराचे जाड थर दिसले की ओळखीची माणसं लगेच ओळखतात. म्हणून कडेभोवती रेक्झिनची पट्टी फिरवली. वरिष्ठ डोकावून म्हणाले, "फॅशन शो आहे का?" रेक्झिन जास्त लागलं, हे त्यांचं खरं होतं. मी मान हलवली आणि गोट शिवत राहिलो.

दुपारची एसटी मावशींनी सोडली. संध्याकाळी चप्पल घालून त्यांनी व्हरांड्यात फेऱ्या मारल्या. चप्पल उतरवून मी पायावरून हात फिरवला. कुठे लाल नाही, कुठे गरम नाही. जखम भरेपर्यंत चालणं कमीच, आणि भरल्यावरही पहिल्या दिवशी तासभरच घालायची, काढून पाय बघायचा, हे दोनदा वदवून घेतलं.

पिशवी उचलताना त्या घुटमळल्या. "अशीच अजून एक जोडी देता का? शेजारीण हाय. तिच्या पायाले भोक पडलं, पण ते इथं येत नाही."

पाय न बघता चप्पल करता येत नाही आणि तपासल्याशिवाय गोळ्या मिळत नाहीत, हे मी सांगितलं. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग मी एक कोरा कागद दिला. पाय त्यावर टेकवून बॉलपेनने कड काढायची, भोक कुठे आहे तिथे गोल करायचा. निदान रंग कुठला हवा ते तरी विचारून या म्हटलं. त्या निमित्ताने बाई एकदा यायला तयार झाली तर बरं.

"नाव कुठं लिवू?"

"नाव लिहू नका," मी म्हटलं.