कापूस लावलेला हात

धाकट्याने आज खेळण्यातल्या गाडीचं निखळलेलं चाक स्वतःच चिकटवायचं ठरवलं. मी आत फोनवर बोलत होते. "आई, एक गंमत बघ ना," हे रडवेल्या आवाजात ऐकू आलं आणि पोटात गोळाच आला. चाक जागच्या जागी पडलेलं, चिकटले होते ते अंगठा आणि तर्जनी. तळव्यावर गोंदाचा एक ओला थेंब. गोंद तो छोट्या ट्यूबमधला, क्षणात धरणारा.

शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "आधी कापसाने पूस." पुसलं. कापूस जागीच बसला आणि पोरगं किंचाळलं, "भाजतंय!" मला वाटलं, घाबरलाय. हात लावला तर खरंच गरम! हा गोंद आणि कापूस एकत्र आले की उष्णता तयार होते, चटकासुद्धा बसतो, हे मी रात्री वाचलं. काकूंना अजून सांगितलेलं नाही. सांगेन की नाही, शंकाच आहे.

चटक्यावर नळाचं पाणी, हे माझं मला सुचलं आणि तेवढं बरोबर ठरलं. तेवढ्यात आमच्या साहेबांचा सल्ला आला, "एका झटक्यात ओढ, सुटतील." सोफ्यावरून. स्वतःची बोटं मोकळी असली की धाडस येतं माणसाला. ओढलं असतं तर कातडी सोलून आली असती.

मग आठवलं, नेलपॉलिश रिमूव्हर! बाटली शोधून काढली, तर तिच्यावर ठळक अक्षरांत 'ॲसिटोनविरहित'. गोंद विरघळवतं ते नेमकं ॲसिटोनच.

शेवटी कोमट पाण्यात साबण कालवला आणि हात बुडवून बसवला. वीसेक मिनिटं. त्या वेळात त्याने एकच प्रश्न चारदा विचारला, "हे असंच राहणार का?" मी अंगठा तर्जनीवर हळूहळू फिरवत राहिले, पेन्सिल चिमटीत फिरवतात तसा. आधी कडेला एक पांढरी रेघ उठली, मग फट दिसली आणि बोटं सुटली. दोन्हीकडे खरबरीत पापुद्रा, बाकी काही नाही.

तळव्यावरचा कापूस मात्र तसाच आहे. खालची त्वचा थोडी लालसर, पण फोड नाही. चार-दोन दिवसांत कातडीबरोबर आपोआप निघेल म्हणतात, म्हणून खरवडला नाही.

झोपताना त्याने तो कापूस बोटाने कुरवाळला आणि विचारलं, "आई, उद्या शाळेत जाईपर्यंत राहील ना गं हा?"