गोल्फचा स्कोअर फटक्याच्या आधीच ठरतो

हौशी गोल्फपटूला आपला स्कोअर कमी करायचा असेल, तर त्याने स्विंगकडे वळण्याआधी स्कोअरकार्डावरचे सर्वांत मोठे आकडे पाहावेत, असे माझे ठाम मत आहे. गोव्यात गोल्फ खेळणारी मराठी माणसे तशी मोजकीच. मडगाव, फोंडा, पणजी अशा ठिकाणांहून रविवारी पहाटे निघून काणकोणला राजबागच्या समुद्राला लागून असलेल्या नऊ होलांच्या कोर्सवर पोहोचणारा आमचा लहानसा गट त्यांपैकीच एक. खेळ आटोपल्यावर चहा घेताना गप्पा रंगतात त्या कोणाचा ड्राइव्ह (होलच्या सुरुवातीचा लांब फटका) किती लांब गेला आणि कोणाचा पट (शेवटी चेंडू घरंगळवत होलमध्ये घालण्याचा फटका) होलच्या काठावरून कसा परतला याच्या. ज्या दोन-तीन होलांनी सगळ्या दिवसाचा हिशेब बिघडवला, त्यांचा विषय सहसा निघत नाही आणि खरे शिकण्यासारखे तिथेच असते.

साधा हिशेब करून पाहू. पार ७२ च्या, म्हणजे अठरा होलांना मिळून ७२ फटके अपेक्षित असलेल्या फेरीत एखाद्याने ९६ फटके घेतले आहेत आणि त्याच्या कार्डावर चार पार, सात बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त), चार डबल बोगी (दोन जास्त) आणि तीन ट्रिपल बोगी (तीन जास्त) आहेत असे समजा. ९६ वरून ९० वर यायचे, तर त्याच्यापुढे दोन मार्ग आहेत. सातपैकी सहा बोगींचे पार करायचे, म्हणजे सहा होलांवर आजच्यापेक्षा सरस गोल्फ खेळायचे; किंवा फक्त तीन ट्रिपल बोगी बोगीवर आणायच्या. दुसऱ्या मार्गाला नवे कौशल्य फारसे लागत नाही, कारण बोगी त्याला येतेच. त्याच दिवशी ती त्याने सात वेळा केलेली आहे.

हे मोठे आकडे डोळ्यांआड होण्याला हँडिकॅपची, म्हणजे खेळाडूला त्याच्या कुवतीनुसार मिळणाऱ्या जादा फटक्यांची, पद्धतही थोडी कारणीभूत आहे. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ धरल्या जातात, आणि एखाद्या होलवर कितीही फटके झाले तरी हिशेबापुरती नेट डबल बोगी (डबल बोगी अधिक त्या होलवर मिळणारे हँडिकॅपचे फटके) ही कमाल मर्यादा असते. पद्धत म्हणून हे न्याय्यच आहे, कारण हँडिकॅपने खेळाडूची कुवत दाखवायची असते. पण त्यामुळे वाईट होल आणि वाईट दिवस हिशेबातून गळतात आणि हँडिकॅप स्थिर दिसत असताना प्रत्यक्ष स्कोअर मात्र वर-खाली होत राहतो. ज्याचा हँडिकॅप १८ च्या आसपास आहे, त्याने पार चारचा होल मनातल्या मनात पाचचा धरावा. असे धरले की दुसऱ्याच फटक्यात ग्रीन, म्हणजे होलभोवतीचे बारीक कापलेले गवत, गाठण्याची घाई कमी होते, आणि माझ्या पाहण्यात बहुतेक ट्रिपल बोगींचे मूळ या घाईतच असते.

आता मोठे आकडे येतात कुठून, ते पाहू. कोलंबिया बिझनेस स्कूलचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकेच्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेतील असंख्य फटक्यांच्या नोंदी तपासून प्रत्येक फटक्याचे मोल ठरवण्याची पद्धत बसवली, आणि २०११ पासून पीजीए टूरने पटिंगची आकडेवारी त्या पद्धतीने द्यायला सुरुवात केली. चांगल्या आणि सामान्य खेळाडूंमधला बराचसा फरक पटिंगमध्ये पडतो, ही आपली जुनी समजूत त्यातून टिकली नाही. फरकाचा मोठा भाग ग्रीनपासून दूरच्या फटक्यांत, आणि त्यातही ग्रीनवर चेंडू पोहोचवण्याच्या अप्रोच फटक्यात असतो. त्यांच्या कोष्टकातला एक आकडा मला फार बोलका वाटतो. १०० यार्डांवर फेअरवेत (ग्रीनकडे जाणाऱ्या मोकळ्या, कापलेल्या गवताच्या पट्ट्यात) चेंडू असेल, तर व्यावसायिक खेळाडूला होल पूर्ण करायला सरासरी २.८ फटके लागतात. त्याच अंतरावर चेंडू झाडांच्या मागे, सरळ मारण्याची वाट नसलेल्या जागी असेल, तर सरासरी ३.८ लागतात. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंनाही झाडी एक पूर्ण फटका मोजायला लावते. तो फटका चेंडू झाडीत गेला तेव्हाच खर्ची पडलेला असतो आणि पुढच्या फटक्याने तो परत मिळवण्याच्या खटाटोपात आणखी दोन जातात.

आमच्या गटात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. सत्तरी ओलांडलेली, ड्राइव्ह जेमतेम दीडशे यार्ड. एकदा त्यांचा आणि गटातल्या एका तरुण इंजिनिअरचा असे दोघांचेही चेंडू उजवीकडे सुरूच्या झाडांत गेले, एकमेकांपासून दहा-बारा पावलांवर. तरुणाला दोन खोडांच्या मधून ग्रीनचा झेंडा दिसत होता. काकांनाही दिसत होता. पण त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली, सात नंबरचा आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब, म्हणजे काठी; नंबर जितका मोठा तितके अंतर कमी) घेतला, चेंडू पायांच्या मध्यापेक्षा मागे ठेवला आणि मनगटे जवळजवळ न हलवता, गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत एवढाच छोटा स्विंग करून तो आडवा फेअरवेत ढकलला. सुरूच्या वाळलेल्या काड्यांवरून घसरत चेंडू गवतावर आला आणि थांबला. तिथून एक फटका ग्रीनच्या तोंडाशी, एक चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका), एक पट आणि कार्डावर ५. तरुणाचा चेंडू पहिल्या खोडावर आदळून आणखी आत गेला आणि त्याचे त्या होलवर ८ झाले. “तू माझ्यापेक्षा शंभर यार्ड लांब मारतोस रे, पण झाडाला ते कुठे ठाऊक असते?” असे काका पुढच्या टीकडे (होलचा पहिला फटका मारण्याच्या जागेकडे) जाताना त्याला म्हणाले. गटात त्यांचा स्कोअर सर्वांत कमी नसतो. पण त्यांच्या कार्डावर सातच्या वरचा आकडा मी क्वचितच पाहिला आहे.

झाडीत जायचेच नाही, यासाठी टीवर उभे राहतानाच विचार करावा लागतो. हौशी खेळाडूचे ड्रायव्हर या सर्वांत लांब पल्ल्याच्या क्लबने मारलेले चेंडू एका रेषेत पडत नसतात. ते सहज पन्नास-साठ यार्ड रुंदीच्या पट्ट्यात विखुरतात. आपला पट्टा किती रुंद आहे आणि तो कोणत्या बाजूला झुकलेला आहे, हे सरावाच्या मैदानावर वीसेक चेंडू मारून, प्रत्येक चेंडू कुठे पडला ते टिपून ठेवले की कळते. ज्याचा चेंडू सहसा उजवीकडे वळतो, अशा उजव्या हाताच्या खेळाडूने टीच्या उजव्या टोकाला चेंडू ठेवून डावीकडे नेम धरावा, म्हणजे चेंडू वळायला फेअरवेची सगळी रुंदी मोकळी मिळते. पट्ट्याचा एक काठ पाण्यात किंवा कोर्सच्या सीमेबाहेर जात असेल, तर नेम सरकवावा, आणि सरकवायला जागाच नसेल तर ड्रायव्हर बॅगेत राहू द्यावा. नियमाने बॅगेत चौदा क्लब ठेवता येतात. प्रत्येक टीवर त्यांतला सर्वांत लांबचाच काढावा असे कुठेही म्हटलेले नाही.

टीची निवडही याच विचारातली. आपला पाच नंबरचा आयर्न किती यार्ड जातो त्याला ३६ ने गुणावे आणि अठरा होलांची एकूण लांबी साधारण तेवढी होईल अशा टीवरून खेळावे, हा जाणत्या खेळाडूंचा ठोकताळा मला पटतो. पाच नंबर १४० यार्ड जात असेल, तर ५०४० यार्ड. त्याहून हजार यार्ड मागे जाऊन खेळल्याने शान वाढत नाही. प्रत्येक होलवर एक वुड, म्हणजे लांब पल्ल्याचा जाड डोक्याचा क्लब, जास्त मारावा लागतो.

अप्रोचच्या बाबतीत हौशी खेळाडूंचा सर्वांत सामान्य दोष असा, की चेंडू ग्रीनच्या अलीकडे पडतो. याचे कारण प्रत्येकाला आपला आयुष्यातला सर्वोत्तम सात नंबर आठवत असतो आणि क्लब त्याच आठवणीवर निवडला जातो. मैदानावर दहा चेंडू मारावेत, सर्वांत लांबचे दोन आणि सर्वांत आखूड दोन सोडून द्यावेत आणि उरलेल्या सहांचे हवेतले अंतर हेच आपले अंतर समजावे. त्यानंतर झेंडा पुढे असो की मागे, ग्रीनच्या मध्यापर्यंतच्या अंतराचा क्लब घ्यावा. बंकर (वाळूचे खड्डे) आणि पाणी बहुधा ग्रीनच्या पुढच्या बाजूला असतात, त्यामुळे एक क्लब जास्त, म्हणजे एक नंबर लांब पल्ल्याचा, घेणारा त्यांतून आपोआप वाचतो.

गोव्यात या हिशेबात वाऱ्याची भर पडते आणि ती सोपी नाही. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, तोही हलका. ऊन चढले की तो पडतो आणि दुपारकडे समुद्रावरून खारा वारा सुरू होऊन जोर धरतो. म्हणजे एकच होल सकाळी पाठीवर वारा घेऊन आणि दुपारी तोंडावर वारा घेऊन खेळावा लागतो. राजबागला नऊ होल दोनदा खेळताना हे एकाच फेरीत अनुभवाला येते: पहिल्या वेळी आठ नंबरने गाठलेल्या ग्रीनला दुसऱ्या वेळी सहा नंबर लागतो. समोरून ताशी १६ किलोमीटरचा वारा असेल तर अंतर साधारण दहा टक्क्यांनी वाढले असे धरावे. तेवढाच वारा पाठीमागून असेल तर फायदा त्याच्या निम्माच होतो. समोरच्या वाऱ्यात चेंडू जोराने मारणे हा उलटा उपाय आहे, कारण जोराबरोबर चेंडूची फिरकी वाढते आणि तो आणखी वर चढून तिथेच पडतो. दोन क्लब जास्त घ्यावेत, क्लब थोडा खाली धरावा आणि सावकाश मारावे. पुण्याहून येणारे मित्र इथे चेंडू कमी जातो अशी तक्रार करतात आणि दोष दमट हवेला देतात. वास्तविक दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तिथली हवा विरळ. तो फरक दोनेक टक्क्यांचा, म्हणजे दीडशे यार्डांमागे तीन यार्डांचा. तक्रारीतले बाकीचे यार्ड वाऱ्याच्या खात्यावर टाकावेत.

ग्रीनजवळच्या खेळात मला एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. चेंडू उंच उडवण्याचा मोह आवरावा. डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत इथली जमीन कडक असते आणि गवत आखूड. अशा जागी साठ अंशांचा वेज (चेंडू उंच उडवणारा क्लब) किंचित चुकला तरी चेंडू ग्रीनपलीकडे तरी जातो किंवा जागचा हलत नाही. हाताने चेंडू टाकायचा असता तर आपण तो घरंगळतच सोडला असता. आठ नंबरचा आयर्न घेऊन, पटसारखाच हात चालवून, चेंडू ग्रीनच्या काठावर टेकवावा आणि पुढे धावू द्यावा. काठावरचे गवत सपाट असेल तर सरळ पटरच वापरावा. बाणावलीला एका हॉटेलच्या आवारात नऊ छोट्या होलांचा कोर्स आहे; ड्रायव्हर घरी ठेवून तिथे घालवलेली एक संध्याकाळ या फटक्यांसाठी मैदानावरच्या शंभर चेंडूंपेक्षा जास्त उपयोगी पडते.

लांब फटक्यावाचून काय साधते, याचे आपल्या देशातले उदाहरण अदिती अशोकचे आहे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ड्राइव्हच्या अंतरात ती मागच्या रांगेत होती, आणि तरीही चौथी आली. पदक अवघ्या एका फटक्याने हुकले. तिच्यासारखे पटिंग आपल्याला जमणार नाही हे खरे, पण त्यातले अंतराचे भान शिकता येते. पीजीए टूरवरचे खेळाडू आठ फुटांवरून निम्मेच पट घालतात. तेव्हा आपला सहा फुटांचा पट हुकला म्हणून हळहळत बसण्यात अर्थ नाही. तीस फुटांवरून मारलेला चेंडू सहा फूट अलीकडे थांबला, याचा विचार करावा. तीन पट तिथून होतात. सरावाला वीस-पंचवीस मिनिटेच असतील, तर ती तीस-चाळीस फुटांच्या पटांना द्यावीत, आणि होलऐवजी त्याभोवतीचे तीन फुटांचे वर्तुळ हे लक्ष्य ठेवावे. आपल्याकडच्या उष्ण हवेतल्या ग्रीनवर गवताचा कलही पाहावा लागतो: चेंडूपासून होलकडे पाहताना गवत चकाकताना दिसले तर चेंडू वेगाने धावतो, काळपट दिसले तर अडतो.

नियमांची माहिती हेही फटके वाचवण्याचे साधन आहे आणि त्याकडे फार दुर्लक्ष होते. पावसाळ्यात फेअरवेत साचलेल्या पाण्यात चेंडू गेला, किंवा मऊ जमिनीत स्वतःच्याच आघाताने रुतला, तर पेनल्टी न घेता तो उचलून नियमाप्रमाणे ड्रॉप करता येतो. आमच्याकडे मी लोकांना चिखलातून तसाच मारताना पाहतो. चेंडू सीमेबाहेर गेल्याची किंवा हरवल्याची शंका असेल, तर पुढे चालू लागण्याआधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता दुसरा, चेंडू खेळावा, कारण शोधायला आता तीनच मिनिटे मिळतात. करवंदीच्या जाळीत अडकलेला चेंडू खेळण्याजोगा नाही असे जाहीर करण्याचा हक्क खेळाडूचाच असतो आणि त्याची किंमत एकच फटका आहे. जाळीत दोनदा क्लब हाणणाऱ्याने ती किंमत दुप्पट मोजलेली असते.

शेवटची गोष्ट नोंदीची. स्कोअरकार्डाच्या मागे प्रत्येक होलसाठी तीन खुणांची जागा करावी: पेनल्टी घ्यावी लागली का, अडचणीतून बाहेर यायला एकापेक्षा जास्त फटके लागले का, आणि तीन पट झाले का. यांपैकी एकही खूण नसलेल्या होलवर डबल बोगीच्या पुढे जाणे मध्यम खेळाडूलाही कठीण असते. चार-पाच फेऱ्यांनंतर ज्या रकान्यात खुणा जास्त दिसतील, त्याच गोष्टीचा पुढच्या महिन्यात सराव करावा. पेनल्टीचा रकाना भरलेला असेल, तर पुढच्या काही फेऱ्या टीवरून ड्रायव्हरऐवजी पाच नंबरच्या वुडने खेळून पाहाव्यात आणि दोन्ही कार्डे शेजारी ठेवून होलवार ताडून पाहावीत.