रिव्हेट हाताला लागता कामा नये

शनिवार, रात्री उशिरा

पावसानं आज दिवसभर दडी मारली, म्हणून गॅलरीत एअरब्रश, म्हणजे रंग फवारायचा पेन, मांडला. हवा दमट असली की लॅकरवर दुधाळ साय धरते आणि केलेलं सगळं पाण्यात जातं. साध्या रंगाचं एक वेळ निभावतं. मला प्लास्टिकच्या मॉडेल विमानाला द्यायचा आहे उघड्या अ‍ॅल्युमिनिअमचा रंग. तो कुठलंच पाप पोटात घालत नाही.

विमान मिग-२१ एफएल, कारखान्याच्या भाषेत टाइप ७७. किट एडुआर्ड या झेक कंपनीचं, १/४८ मापाचं. ते पीएफचं आहे, पण एफएल म्हणजे पीएफचंच भारतासाठी बनलेलं भावंड, त्यामुळे थोड्या फरकात जमून जातं. खऱ्या विमानाचा पंखविस्तार ७.१५ मीटर, माझ्या टेबलावर तो पंधरा सेंटिमीटर भरतो.

हेच का, असं मॉडेल करणाऱ्यांच्या ग्रुपवर सगळे विचारतात. बायसन घे, राखाडी रंग मार, मोकळा हो. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हापासून जो तो बायसन करतोय. पण बायसन ही नंतरची, नव्यानं सजवलेली आवृत्ती. आमच्या घरात जे विमान आलं, म्हणजे अप्पांच्या डब्याबरोबर आणि बुटांच्या वासाबरोबर जे आलं, ते टाइप ७७. हवाई दलात मिग-२१ पहिल्यांदा आलं १९६३ मध्ये. पुढच्याच वर्षी नाशिकजवळ ओझरला कारखान्याची पायाभरणी झाली. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी वाटणी होती. अप्पा १९६९ ला ओझरला चिकटले, रिव्हेटिंगला, म्हणजे मुंडीच्या खिळ्यांनी पत्रे जोडायच्या कामाला.

आज काळ्या चकचकीत प्रायमरचा हात झाला. बल्बखाली धरून पाहिलं, छान दिसतंय. आता झोपतो.

रविवार

सकाळी चहा घेऊन अप्पा टेबलाशी आले. चष्मा वर सरकवून बराच वेळ काळा पंख बघत राहिले.

"हे ठिपके कसले?"

"रिव्हेट आहेत, अप्पा. किटमध्येच कोरलेले येतात."

"एवढे?"

मग मी त्यांना मोबाइलवर बाहेरच्या लोकांची मॉडेल्स दाखवली. एकेका रिव्हेटवर सुईच्या टोकानं काळपट रंग सोडलेला, पत्र्यांच्या जोडांतून तेलाचे ओघळ, बूट घासून उडालेला रंग. आमच्या छंदात याला फार मान आहे. रिव्हेटच्या खुणा उठवायला एक दातेरी चाक मिळतं, पट्टी लावून ते फिरवायचं. लोक त्यावर रात्रीच्या रात्री घालवतात. माझ्या ड्रॉवरमध्येही आहे.

अप्पांनी दोनतीन फोटो पाहिले आणि मोबाइल परत दिला. "असं विमान आमच्या हँगरमधून बाहेर पडलं असतं तर फोरमननं उभं जाळलं असतं."

मग बराच वेळ बोलले. एरवी त्यांच्याकडून कंपनीतल्या गोष्टी ओढून काढाव्या लागतात. रिव्हेट मारायला दोघं लागतात. एकानं बाहेरून गन धरायची, दुसऱ्यानं आतून डॉली, म्हणजे पोलादाचा हातात मावेल असा ठोकळा, रिव्हेटच्या शेपटीवर दाबून धरायची. गननं ठोका दिला की शेपटी आत चेपून बसते. मिगचा पंख पातळ, आत हात घालायला जागा कमी, म्हणून बारीक मनगटाच्या पोरांना डॉलीला लावायचे. अप्पा तेव्हा काडीपैलवान, त्यामुळे कायम डॉली त्यांच्याकडे. ठोका तिरका बसला तर पत्रा दबायचा, डॉली हलली तर शेपटी वाकडी. मग ड्रिल लावून तो रिव्हेट काढायचा आणि नवा घालायचा. त्याची नोंद रजिस्टरला.

"आणि इन्स्पेक्टर आला की डोळे मिटायचा," अप्पा म्हणाले. त्यांनी टेबलाच्या सनमायकावर तळवा सपाट ठेवला आणि हळू पुढे नेला. "असा हात फिरवायचा. रिव्हेट हाताला लागता कामा नये. लागला की खडूनं गोल."

कारण उघड आहे. ध्वनीच्या दुप्पट वेगानं जायचं विमान, त्याच्या अंगावर एकही मुंडी वर राहून चालणार नाही. म्हणून मुंडी पत्र्यात बुडवून त्याच्या पातळीत आणायची.

म्हणजे जी गोष्ट लपवायला अप्पांनी तारुण्याची मनगटं खर्ची घातली, तीच उठून दिसावी म्हणून मी दातेरी चाक विकत घेतलं. हसू आलं, थोडा रागही आला. राग कुणाचा, ते नीट कळलं नाही.

दुपारी कागदावर हिशेब केला. पाच मिलिमीटरच्या मुंडीचं १/४८ मापात होतं ०.१ मिलिमीटर. किटवरचा ठिपका त्याहून डोळ्याला बराच मोठा दिसतो. जोडाची रेघ ०.२ मिलिमीटर धरली तरी खऱ्या विमानावर ती जवळजवळ एक सेंटिमीटरची भेग झाली. एवढ्या भेगा घेऊन कुठलं विमान उडेल? सगळं मॉडेलिंग या खोटेपणावर चाललंय आणि त्यात वावगं काही नाही, नाटकातल्या नटाच्या भुवयाही जाड काढतातच. पण हे विमान अप्पा बघणार आहेत.

मंगळवार

ऑफिसातून आल्यावर ठरवून टाकलं. ठिपके बुजवायचे.

दाट प्रायमर ब्रशनं फासला, वाळू दिला आणि मग पॉलिशपेपर. आधी ६००, मग १०००, मग २००० ओला करून. घासताना बोट थेट कागदाच्या मागे ठेवलं तर पत्र्याला लाटा येतात, म्हणून रबराचा तुकडा मध्ये. जोडांच्या रेघा मात्र ठेवल्या, त्या भरल्या तर विमान साबणाच्या वडीसारखं दिसेल. त्या जपत घासायचं म्हणजे मान मोडायची वेळ. विमानाच्या पाठीवरची शिवण बघून बायको "पुरे आता" म्हणाली. पण दिव्याखाली तिरकं धरलं की शिवण अजून एका जागी दिसते. तिथे परत.

कॉकपिटवर फार वेळ घालवला नाही, काच बंदच ठेवणार आहे. फक्त पॅनेलच्या मधोमध ती उभी पांढरी रेघ काढली. मिगच्या पॅनेलवर ही रेघ असायचीच. विमान फिरकीत सापडलं तर वैमानिकानं गोंधळून न जाता दांडा त्या रेघेकडे ढकलायचा. बंद काचेतून ती जेमतेम दिसते.

शुक्रवार

पुन्हा काळा हात, आणि त्यावर आज अ‍ॅल्युमिनिअम. लॅकर अगदी पातळ, हवेचा दाब कमी, धूर सोडल्यासारखे हात. पहिल्या दोन हातांत काहीच होत नाही, नुसतं राखाडी. तिसऱ्याला एकदम धातू दिसायला लागतो. मग काही पत्रे टेपनं झाकून शेजारचे किंचित गडद केले, कारण सगळे पत्रे एकाच तेजाचे नसतात. शेपटाकडे, नोझलभोवती, तापून काळवंडलेल्या पोलादाची झाक. नाकातला शंकू हिरवा.

रिव्हेटचं काय केलं ते लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. धातू पूर्ण वाळल्यावर पट्टी लावून कडक शिसपेन्सिलीच्या टोकानं ठिपक्यांच्या ओळी टेकवल्या आणि जुन्या बनियनच्या चिंध्यांनी जवळजवळ पुसून टाकल्या. आता समोरून काही दिसत नाही. पंख कलता केला की एखादी ओळ उजळते नि जाते. बोटाला काही लागत नाही.

हा असा चकचकीत अवतार फार टिकला नाही. १९७१ च्या युद्धात या रुपेरी विमानांवर घाईघाईनं हिरवे-तपकिरी रंग चढले. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेट सोडली ती याच जातीच्या विमानांनी. ग्रुपवर त्या वेशातलं मॉडेल हमखास वाहवा मिळवतं. मला कारखान्याच्या दारातलं हवं होतं, अजून कुणी न उडवलेलं.

रात्री अप्पा पेपर वाचत होते म्हणून जुनं आठवलं. मी शाळेत असताना मिग पडल्याची बातमी आली की ते आधी टाइप कुठला ते शोधायचे. मग स्क्वाड्रन. मग पेपर घडी करून ठेवायचे आणि त्या दिवशी जेवताना कुणी विषय काढायचा नाही. २०१२ मध्ये संसदेत आकडा आला, चाळीस वर्षांत मिग जातीच्या विमानांचे ४८२ अपघात, १७१ वैमानिक गेले. "उडती शवपेटी" हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. अपघाताची कारणं अनेक असतात, इंजिन, पक्षी, नवख्या हातात दिलेलं अवघड विमान. हे अप्पांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी ते टाइप शोधायचेच.

रविवार

डेकल, म्हणजे विमानावर चिकटवायची चिन्हं नि आकडे, लावायच्या आधी विमान अप्पांच्या हातात दिलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत, पण तळवा डाव्या पंखावर ठेवला आणि मुळापासून टोकापर्यंत नेला. मग उजव्या. मग विमान उलटं केलं.

"इथे लागतंय."

खरंच लागत होतं. चाकाच्या झडपेमागे ठिपक्यांची एक ओळ घासायची राहिली होती.

"शेल्फवर ठेवल्यावर पोट कोण बघणार, अप्पा?"

"इन्स्पेक्टर."

आणि टेबलावरचा माझा खडू, टेपच्या खुणा करायला ठेवलेला, उचलून त्यांनी तिथे बारीक गोल काढला. डेकल पुढच्या आठवड्यावर गेले. आता तेवढ्या भागाला टेप लावून परत सहाशेचा कागद.