भाचीचं नर्सिंग आणि पैशांचं गणित
भाचीची बारावी सायन्स झाली, ताई विचारतेय बीएससी नर्सिंग (4 वर्षांची डिग्री) की जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा). पोरगी आजीच्या पायाचं ड्रेसिंग करते तेव्हा हात जराही थरथरत नाही, तिने नर्सच व्हावं असं मला मनापासून वाटतं. गोव्यात बांबोळीच्या सरकारी नर्सिंग कॉलेजात सीट मिळाली तर डोळे झाकून घ्यावी. प्रायव्हेटला मात्र नुसती फी बघू नका, हॉस्टेल, युनिफॉर्म, पोस्टिंगचं (हॉस्पिटलातल्या ट्रेनिंगचं) बसभाडं सगळं 4 वर्षांचं धरा आणि म्हापशा-डिचोलीच्या छोट्या हॉस्पिटलात नवीन नर्सच्या हातात किती पडतात ते तिथल्याच पोरींना विचारा, त्यात कर्जाचा हप्ता बसतो का बघा. नाहीतर जीएनएम 3 वर्षांत होतं, नंतर 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बीएससी नर्सिंग करून डिग्री मिळते, मधे नोकरीही करता येते. यूकेला जायचं तर आयईएलटीएस किंवा ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेचा खर्च वेगळा.